बिनचुलीचा आचारी

शांताराम गवसाने फोडणी दिली की गोव्यातल्या पाळी गावच्या चढावर ट्रकवाले गिअर बदलायला विसरत, असं सांगतात. सांगणारे ट्रकवालेच असल्यामुळे त्यात थोडी धूळ मिसळलेली असणार, पण फार नाही. खाण चालू होती तेव्हा त्या रस्त्याने दिवसभर लोखंडाची माती वाहत असे. झाडं, कौलं, म्हशी, शाळेतली मुलं, सगळं एकाच विटकरी रंगाचं झालं होतं. अशा धुरळ्यात एखाद्या माणसाला नाकाने ओळखता यावं, यापरतं मोठेपण कुठलं?

शांताराम खाणीच्या कँटीनमधला आचारी. मूळचा दोडामार्गाकडचा. विसाव्या वर्षी कामाला म्हणून घाट नाही, डोंगर नाही, नुसती हद्द ओलांडून पाळीला आला आणि तिथलाच झाला. पोट पुढे, मिशी जाड, आणि डावी भुवई अर्धीच. उरलेली अर्धी त्याने एका पेटत्या कढईला वाहिली होती, आणि ती कथा तो सैनिकाने जखम दाखवावी तशी सांगत असे. जगाविषयी त्याचं एकच तत्त्वज्ञान होतं. जे तेलात तडतडलं ते अन्न, बाकी सगळा चारा. त्याच्याकडे एक लांब दांड्याची लोखंडी पळी होती. तिच्यात तेल, मोहरी, ठेचलेली लसूण, सुकी मिरची. पळी लाल झाली की उसळीत बुडवायची, आणि तो जो चर्रर आवाज येई त्यावर चाळीस ट्रकवाले एकदम गप्प होत. देवळातल्या आरतीलासुद्धा ते एवढे गप्प होत नसत.

गप्प न होणारं एकच माणूस होतं. त्याची बायको पार्वती. अंगाने काडी, जिभेने कोयता. लग्न झाल्यापासून अठ्ठावीस वर्षं शांताराम घरी आला की रात्रीचं जेवण स्वतः करी. दिवसभर शंभर माणसांचं रांधून आलेला आचारी घरी पुन्हा चुलीपुढे बसतो, हे बघून शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे वेगळ्या नजरेने बघू लागल्या होत्या. पार्वती जेवायला बसे, पहिला घास घेई, डोळे मिटून चावे. शांताराम पळी हातात धरून उभा. मग निकाल लागे.

"मीठ कमी."

अठ्ठावीस वर्षं हाच निकाल, आणि तो समोरच्या यशोदेच्या घरापर्यंत ऐकू जाई. मीठ वाढवून बघितलं, तरी कमी. एकदा रागाने मूठभर घातलं. तेव्हा ती म्हणाली, "आज बरा असा," आणि पाणी पिऊन झोपली. ज्या दिवशी ती "मीठ कमी" म्हणत नसे त्या दिवशी शांतारामाला वाटे, हिला बरं नाही की काय.

मग खाण बंद पडली. का पडली, कोणी पाडली, याच्या हकिगती पाळीत घरागणिक वेगळ्या आहेत. एका सोमवारी रस्ता मोकळा झाला, झाडं महिनाभरात हिरवी झाली, आणि गाव त्या हिरवाईकडे बघत डोक्याला हात लावून बसलं. खाण नाही तर ट्रक नाहीत, ट्रक नाहीत तर भूक नाही. शांतारामाने पळी पिशवीत घातली आणि तीन बस बदलून थेट गोव्याच्या वरच्या टोकाला, केरीला गेला. समुद्रकाठी रुद्रेश नावाच्या तिथल्याच एका मुलाने सहा मेजं आणि बारा खुर्च्यांचं हॉटेल काढलं होतं. आचाऱ्याची जागा होती. राहायला मागे एक खोली, आठवड्यात एक दिवस घरी.

पहिल्याच सकाळी रुद्रेशने त्याच्यापुढे पाल्याची जुडी ठेवली.

"मामा, हेचां सलाद करूचां. ग्रीन सलाद विथ फ्रूट अँड चीज. पाच मिन्टांत मेजार जावक होयां."

"रांधूचा कसा?"

"रांधूचां न्हय. कापूचां."

शांतारामाला वाटलं, मुलगा मस्करी करतोय. पण मस्करी नव्हती. समुद्रावर येणारे गोरे लोक, आणि त्यांच्यासारखं खायला शिकलेले आपले पुण्यादिल्लीचे लोक, उन्हात भाजून निघाल्यावर हाच पाला मागत. कच्चा. वर पपईच्या फोडी, संत्र्याच्या पाकळ्या, काकडी, आणि वरून चुरलेलं चीज. शांतारामाने पहिली थाळी केली आणि ती पाहून त्याचा जीव गलबलला. आईविना पोर दारात उभं करावं तशी ती उघडीबोडकी दिसत होती. त्याने इकडेतिकडे बघितलं, पिशवीतून पळी काढली, आणि त्या सलादीला मोहरी-लसणीची खमंग फोडणी दिली.

पानं जागच्या जागी माना टाकून पडली. चीज वितळून पपईला चिकटलं. मेजावरच्या बाईने काटा लावला, खाली ठेवला, आणि विचारलं की ह्याला अपघात झालाय का.

त्या दिवसापासून पळी खुंटीवर टांगली गेली ती टांगलीच. शांताराम शिकला. पानं सुरीने कापायची नाहीत, हाताने फाडायची. चीज आधी घालायचं नाही, वरून कुस्करायचं. सहा वर्षांत तो असा तयार झाला की गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसेपर्यंत सलाद मेजावर. ज्या गोष्टीची लाज वाटते तीच हाताला नेमकी जमावी, हा देवाचा खट्याळपणा आहे. घरी मात्र त्याने अवाक्षर काढलं नाही. "काय रांधतास थंय?" असं पार्वतीने विचारलं की तो छाती पुढे काढून मासळी-कोलंबीची नावं सांगे, "सुरमय. सुंगटांचा हुमण. लोक बोटां चाटतत."

आणि सहा वर्षं तो दर आठवड्याला घरी येऊन, गुपचूप प्रायश्चित्त घेतल्यासारखी, दुप्पट फोडणी देत राहिला.

यंदाच्या दिवाळीनंतर पार्वतीच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या इस्पितळात नेलं. सलाइनमधून औषध सोडायचं, दर तीन आठवड्यांनी एक, अशी सहा. दोन झाली. तिसऱ्याच्या वेळी डॉक्टरने वजनाच्या काट्याकडे बोट दाखवलं. अडतीस किलो.

"ह्याच्या खाली गेलं तर पुढचं औषध देता येणार नाही," तो म्हणाला. "शरीराला झेपणार नाही. त्यांना जेवू घाला. काहीही खाऊ दे, पण पोटात जायला हवं."

शांतारामाला हे ऐकून, खरं सांगायचं तर, आत कुठेतरी बरं वाटलं. डॉक्टरने यंत्र मागितलं असतं, रक्त मागितलं असतं, कसलं तरी इंग्रजी नाव मागितलं असतं, तर तो काय करणार होता? जेवू घाला म्हणाला! चाळीस चाळीस ट्रकवाल्यांना वाढलेल्या माणसाला ह्या काडीला जेवू घालणं म्हणजे केवढं? तिसरं सलाइन चढवून घरी आले, रुद्रेशला फोन करून त्याने महिन्याची रजा घेतली, आणि केरीहून येताना खुंटीवरून काढून आणलेली पळी चुलीजवळ ठेवून तो म्हणाला, "आता बघतंय कशी जेवणस नाय ती."

पहिल्या आठवड्यात तिने पेजेचं पाणी आणि शहाळी यांवर काढलं. दुसऱ्या आठवड्यात तोंड जरा मोकळं झालं म्हणाली, तेव्हा शांतारामाने मुगाची उसळ केली. तेल तापलं. मोहरी तडतडली. लसूण पडली. त्याबरोबर आतल्या खोलीत खाट करकरली, आणि पार्वती पदर तोंडात कोंबून, भिंतीला धरत धरत मागच्या दाराने बाहेर पडली. फणसाखाली बसून तिने पोटात नव्हतं तेही ओकून टाकलं. शांताराम पळी हातात धरून दारात उभा. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा निकाल घासाआधी लागला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने लसूण वगळली. तिसऱ्या दिवशी मोहरी. चौथ्या दिवशी नुसतं खोबरेल तापवलं, तरी ती बाहेर. आणि तोंडाला चव तर कसली?

"माझ्या तोंडात खाणीची माती भरल्यासारी वाटता ओ," ती म्हणाली. "सगळा लोखांड."

त्या दिवशी शांताराम तिच्या डोक्याखालची उशी सारखी करायला वाकला, तर तिने मान वळवली.

"रागावू नका हां," ती हळू म्हणाली. "तुमच्या अंगाक फोडणीचो वास येता. जरा लांब ऱ्हवा."

शांताराम लांब राहिला. विहिरीवर जाऊन त्याने साबणाच्या दोन वड्या संपवल्या. परत आला, दारातूनच विचारलं, "आता?" तिने डोळे मिटून नकार दिला. मग त्याच्या लक्षात आलं की वास केसांत असणार, मिशीत असणार. तीस वर्षांचा धूर तिथे मुरलाय. तो तडक कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेला आणि म्हणाला, काढ. डोकं काढ, मिशी काढ. न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन खालच्या आवाजात विचारलं, "कोण रे भाऊ?"  शांतारामाने नुसते डोळे पुसले. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. ते का घेतले नाहीत, हे शांतारामाच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

घरी येऊन तो पुन्हा दारात उभा राहिला, सोललेल्या नारळासारखा. पार्वतीने बघितलं. खूप दिवसांनी तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"येवा, बसा हय," तिने खाटेवर हात आपटला. "आता माणसासारो वास येता."

चूल विझली. घरात तेल तापायचं नाही असं ठरलं. सकाळी भोंपू वाजवत पाववाला पोदेर आला की शांताराम दोन पोई घेई आणि दिवसभर त्याच चहात बुडवून खाई. चहाही मागे, फणसाखाली, तीन दगडांवर. पार्वती शहाळ्याचे चार घोट घेई आणि भिंतीकडे तोंड करून पडे. मंगळवारी इस्पितळात जायचं होतं. शुक्रवार उजाडला तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. मुलगी स्नेहा कारापूरला दिलेली, पण तिला नववा महिना लागलेला, तिला फोनवर दोघंही सांगत, "बरा असा, सगळा बरा असा."

त्या शुक्रवारी सकाळी रुद्रेशचा फोन आला. शांताराम खाटेच्या पायथ्याशी बसला होता. उठून बाहेर जाण्याइतकंही त्याच्यात त्राण नव्हतं.

"मामा, नवो आचारी तुजी सलाद करता, पण लोक परत धाडटत. पानां मरून पडटत. कितें करूं?"

"मीठ आदी घालता तो," शांताराम पडेल आवाजात म्हणाला. "मीठ अगदी शेवटाक. आणि सुरी लावूची नाय, हातान फाडूची. पानां थंड पाण्यात बुडवन ठेव, मगे फडक्यात झाड. पाणी ऱ्हवता नये. तवशाची चकती पातळ, पपईची फोड मोठी. संत्र्याचा पाणी दोन चमचे, लिंबू अर्धा, मध जरासो. वयसून चीज कुस्कर. पाच मिन्टांच्या वर लावलंस तर मेला ता."

फोन ठेवला. भिंतीकडून आवाज आला.

"काय ओ तां?"

"काय नाय. केरीचो रुद्रेश."

"तां नाय विचारलंय. तां जेवण कसला? चुलीर ठेवूचा नाय?"

"नाय."

"तेल?"

"नाय."

"फोडणी?"

शांतारामाने जमिनीकडे बघितलं. चोरी पकडली गेली तेव्हा मिशीही नव्हती आड लपायला.

"नाय गो. कच्चो पालो तो. गोऱ्यांचा खाणा."

पार्वती कष्टाने कुशीवर वळली.

"तेका वास येता?"

"वास? वास कसलो येतलो? तेका वासच नाय."

"आणि तुमका तां येता करूक."

"सहा वर्षां तांच करतंय," शांताराम म्हणाला, आणि बांध फुटल्यासारखं सगळं बोलून गेला. सुरमय नाही, हुमण नाही, सहा वर्षं पाला फाडतोय. पळी खुंटीवर. पाळीचा शांताराम आचारी केरीला बिनविस्तवाचा झालाय.

 पार्वतीच्या छातीतून घरघर आली. शांताराम घाबरून उठला. पण ती हसत होती. हाडं खुळखुळावीत तशी हसत होती.

"अवो," ती श्वास घेत म्हणाली, "हय मी पाच रोज उपाशी पडलंय, आणि तुमच्या हातात बिनवासाचा जेवण होता! लाज वाटली म्हणान सांगलास नाय? जावा, तो पालो घेऊन येवा."

शांताराम डिचोलीच्या बाजारात गेला तो पळतच. सलादीच्या पानांच्या दोन जुड्या, पपई, संत्री, तवशी म्हणजे आपली काकडी, चीजची पेटी. येताना उघड्या डोक्यावर ऊन घेत, हातात पाला आणि फळं मिरवत तो बसमधून उतरला. समोरच्या घरातल्या यशोदेने त्याला जनेलातून, म्हणजे खिडकीतून, पाहिलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

घरी त्याने पाणी उकळून निववलं, कारण कच्चं काही द्यायचं तर उकळलेल्या पाण्यात तीनदा धुवा असं इस्पितळातल्या नर्सने बजावलं होतं. पान न् पान धुतलं. फडक्यात झाडलं. अंगणातल्या झाडाची दोन पिकली करमलं काढली आणि आडवी कापली. करमल आडवं कापलं की चांदण्या पडतात, आणि आंबटाने तोंडातलं लोखंड जरा धुऊन निघेल असं त्याला वाटलं. मग हात आपोआप चालू लागले. फाड, चकती, फोड, पाकळी, लिंबू, मध. चीज मात्र त्याने गिऱ्हाइकाच्या तिप्पट कुस्करलं. पाल्याने वजन वाढतं असं कुठल्या गुराख्यानेही त्याला सांगितलं नसतं. जे काय वाढायचं ते चीजनेच वाढणार होतं.

पार्वती आत नको म्हणाली. पाच दिवसांनी ती बाहेर आली, पुढच्या ओसरीवर, बाल्कांवात, उशीला टेकून बसली, आणि मांडीवर बशी घेतली. हिरव्यावर केशरी, केशरीवर पांढरं, वर पिवळ्या चांदण्या. तिने आधी नाक जवळ नेलं. शांतारामाने श्वास रोखला. काही झालं नाही. तिने एक पान उचललं, चावलं. करकर आवाज झाला. मग पपई. मग चांदणी, जिला तिने तोंड वाकडं केलं, पण गिळली. मग चीजचा तुकडा.

तिने डोळे मिटले.

"मीठ कमी," ती म्हणाली.

शांताराम आत पळाला. मीठ आणायला गेला असं दाखवून तो मीठदाणीजवळ उभा राहून रडला, कारण अर्ध्या भुवईच्या तुळतुळीत माणसाला रडताना बघितलं असतं तर तिला पुन्हा हसू फुटलं असतं आणि घास घशात अडकला असता.

तो बाहेर आला तेव्हा अंगणात यशोदा उभी होती. हातात झाकलेलं पितळी तोप. मागे आणखी दोघी, पदर डोक्यावर, डोळे ओले.

यशोदेचा हिशेब चोख होता. शांताराम घरी असताना पाच दिवस त्याच्या घरातून फोडणीचा वास नाही. सगळ्या गावाने चूल विझवली असती तरी ह्या घराने विझवली नसती. चूल कधी पेटत नाही? घरात माणूस गेलं की. मग आज शांताराम दिसला तो मुंडण करून, मिशी उतरवून, हातात पानं आणि फळं. पोटुशी लेकीला कळू नये म्हणून बिचाऱ्याने कुणाला सांगितलं नाही. इस्पितळातूनच परस्पर नेली असणार. न्हावीही म्हणाला होता, रडत होता. अशा घरी शेजाऱ्याने पेज न्यायची असते. यशोदेने पेज केली, दोघींना बोलावलं, आणि अंगणातच गळा काढायला तोंड उघडलं.

तोंड उघडंच राहिलं. जिच्यासाठी गळा काढायचा ती बाल्कांवात बसून पाला चावत होती.

"ये गो यशोदे," पार्वती म्हणाली. "कोण गेला?"

 मागच्या दोघींपैकी एक वळून चालूच लागली. पार्वतीने यशोदेच्या हातातल्या तोपाकडे पाहिलं, नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं, घराच्या थंड धुराड्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं. ती काडी, पण डोकं शाबूत होतं.

"माझी पेज हाडलंस?"

"अगे बाये, देवा शपथ, म्हाका दिसलें..." यशोदा रडू लागली, आता खरंच. "फोडणेचो वासूच येयनासो जालो, म्हणून..."

"रडा नको. चुकलंस थोडा, फार नाय," पार्वती म्हणाली. "जरा लवकर इलंस, इतक्याच."

आता पंचाईत अशी, की सुतकाच्या घरी म्हणून निघालेली पेज परत न्यायची नसते. परत नेली तर ती आपल्याच दारात सुतक घेऊन येते, असं यशोदेची सासू सांगत असे. फेकायची तर अन्न. यशोदा तोप घेऊन पुतळ्यासारखी उभी. शेवटी शांतारामाने पुढे होऊन तो तिच्या हातातून घेतला, पायरीवर बसला, झाकण काढलं आणि पेज खायला कुलेर मागितली.

पाच दिवस त्याच्या पोटात पोई आणि चहा याखेरीज काही नव्हतं. पेज ऊन होती, वर आंब्याच्या लोणच्याची फोड. आपल्या बायकोच्या मरणाची पेज, तिच्या समोर बसून, तिच्याकडे बघत तो जेवला. सगळी जेवला. ती बशीतलं एकेक पान उचलत होती आणि त्याच्याकडे बघत होती. दोघांचा एवढा एकत्र जेवणाचा योग गेल्या सहा वर्षांत आला नव्हता.

"बरी असा?" तिने विचारलं.

"बरी असा," तो म्हणाला.

चार दिवस त्याने दिवसातून तीनदा सलाद केली. तिने कधी अर्धी खाल्ली, कधी चार पानं. चीजच्या दोन पेट्या संपल्या. मंगळवारी इस्पितळात क्षमा नावाच्या नर्सने तिला काट्यावर उभं केलं. अडतीस किलो शंभर. शांतारामाने हात जोडले. क्षमाने आकडा लिहायला पेन उचललं, पुन्हा पार्वतीकडे बघितलं, तिच्या कमरेला हात लावला, आणि लुगड्याच्या निऱ्यांतून लांब दांड्याची लोखंडी पळी बाहेर काढली.

"बाय," क्षमा म्हणाली, "हे काय?"

"त्यांची असा," पार्वती शांतपणे म्हणाली. "माझ्यासोबत आणलंय."

पळीशिवाय सदतीस किलो सातशे भरले. डॉक्टरने कागद बघितला, पार्वतीची नखं बघितली, आणि म्हणाला, आज नको. पुढच्या मंगळवारी या. बघूया. 'बघूया' हा शब्द त्याने कसा उच्चारला ते शांतारामाने बसमध्ये बसल्यावर, साखळी गाव येईपर्यंत, पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितलं.

पळी पार्वतीच्या मांडीवर होती. खिडकीबाहेर खाणीचे डोंगर जात होते, पायऱ्या पायऱ्यांचे, खोल खड्ड्यांत हिरवं पाणी साचलेले.

"एक करा," ती अचानक म्हणाली. "आजपासून रोज सांजेक एक फोडणी देवा."

"तुका ओकारी येता मगे."

"मी मागे बसतलंय, जनेला लावन. तुमी अंगणात द्या, यशोदेच्या बाजूक. कशात घालू नका. नुसती फोडणी. वास जाऊक होयो गावात." तिने मांडीवरची पळी सरळ केली. "नायतर ती बाय परत पेज घेऊन येतली. दर खेपेक तुमी किती खातलास?"

म्हणून त्या संध्याकाळपासून पाळीत एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. दिवेलागणीला शांताराम अंगणाच्या टोकाला तीन दगडांवर विस्तव करी. पळीत तेल, मोहरी, लसूण, सुकी मिरची, कढीपत्ता. सगळं आधीसारखं, प्रमाणात. पळी लाल होई, तडतड होई, वास वाऱ्यावर चढून यशोदेच्या जनेलापर्यंत जाई. उसळ नाही, आमटी नाही, बुडवायला खाली काही नाही. शांताराम ती फोडणी कुंपणापलीकडे ओतून टाकी, विहिरीवर आंघोळ करी, हात नाकाशी नेऊन तपासी, आणि मग आत जाऊन पाला फाडायला बसे. रिकाम्या हवेला फोडणी देणारा आचारी अख्ख्या डिचोली तालुक्यात दुसरा नसेल. रस्त्याने जाणारे थांबत, वास घेत आणि म्हणत, "शांतारामाकडे आज काय तरी खास दिसता."

यशोदा जनेलाशी येई, नाक वर करी, आणि आत जाऊन देवापुढे दिवा लावी.

पुढच्या मंगळवारीही डॉक्टर बघूया म्हणाला, त्याच्या पुढच्यालाही. स्नेहाला मुलगी झाली; ती पार्वतीने फोनवर बघितली आणि तिच्या भुवया पूर्ण आहेत म्हणून समाधान व्यक्त केलं. पानांवरून ती नुसत्या करमलाच्या चांदण्यांवर आली. चांदण्यांवरून संत्र्याच्या पाण्यावर. "मीठ कमी" मात्र ती संत्र्याच्या पाण्यालाही म्हणत असे, आणि शांताराम दर वेळी चिमूट आणायला उठत असे.

चैत्रातल्या एका संध्याकाळी वारा होता, विस्तवाला पोषक होता, पण शांतारामाच्या अंगणात तीन दगड तसेच थंड राहिले. दिवेलागण झाली. यशोदा जनेलाशी आली, नाक वर करून उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. या खेपेला तिने कुणाला बोलावलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. आत गेली, तांदूळ धुतले, आणि पेजेचं आदण ठेवलं.

मीठ घालताना तिचा हात थांबला. मग तिने आणखी एक चिमूट घातली.